भाच्याची टोपी

४ मे

ती. धाकट्या आजीला नमस्कार.

मी तुमच्या भावाचा नातू. आपण एकदाच भेटलो, आजोबा गेले त्या दिवशी. मी दाराशी आलेल्यांच्या चपला ओळीने लावत होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "हा कोण, चपलांचा हवालदार?" तो मी.

आता मी बाबांच्या रफूच्या दुकानात काम करतो. आठवीनंतर शाळा सुटली, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून लिहितो आहे. तरीही काही चुकलं तर सांभाळून घ्या.

कारण असं. माझ्या धाकट्या बहिणीला (घरात तिला ठिणगी म्हणतात, ते का हे तुम्हाला पुढे कळेलच) नर्सिंगच्या शाळेत प्रवेश मिळाला आहे. अर्जावर वडिलांची सही लागते आणि अर्ज तीस जूनच्या आत पोहोचवायचा आहे. बाबा सही करत नाहीत. म्हणतात, "या घरात एक नर्स होऊन गेली. तेवढी पुरे." त्याच्यापुढे एक अक्षर नाही. आई म्हणते, मी सून, मला कोण सांगतंय.

मग मी बाबा नसताना ट्रंक उघडून जुने कागद पाहिले. घरातल्या माणसांच्या नावांचं एक कार्ड आहे. त्यात जे वारले त्यांच्या नावापुढे तारीख आहे. तुमच्या थोरल्या बहिणीच्या नावावर नुसती रेघ आहे, तारीख नाही. रेघ इतकी दाबून मारली आहे की तिथे कागद फाटला आहे. एक फोटोही मिळाला. त्याची एक कड मागे दुमडलेली आहे. उलगडली तर तिथे पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी निघाली. तिने तुमचा हात धरला आहे आणि तुम्ही नेमके डोळे मिटले आहेत.

थोरल्या आजी लढाईत नर्स म्हणून गेल्या, एवढंच मला माहीत आहे. त्यांनी असं काय केलं की पन्नास वर्षांनंतरही ठिणगीला त्याचे चटके बसावेत? आणि त्या आहेत की नाहीत?

बाबांना हे पत्र ठाऊक नाही. तुमचं आणि त्यांचं बोलणं नाही हेही मला माहीत आहे. म्हणून उत्तर दुकानावर नको, समोरच्या इस्त्रीवाल्याच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता मागे लिहिला आहे.

आपला नातू


११ मे

चि. हवालदारास आशीर्वाद.

नातू मला पुष्कळ आहेत, पण त्यातला एकही शब्दकोश उशाला घेऊन मला पत्र लिहीत नाही. म्हणून उत्तर देते आहे. पहिली गोष्ट, मला तुम्ही-आम्ही करू नकोस. मी काय तहसीलदार आहे? आजीला अगं म्हणायचं असतं.

दुसरी गोष्ट. जे झाकलेलं आहे ते झाकलेलंच बरं. ती रेघ माझ्या वडिलांनी मारली. मी समोर उभी होते. टाक मोडला होता. त्याच्यापेक्षा जास्त मला सांगायचं नाही, आणि तू विचारायचं नाहीस.

तुझा बाप माझ्याशी का बोलत नाही, तेवढं सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा भरल्या घरात मी विचारलं, "याला आणखी एक बहीण आहे, तिला कोणी कळवलं का?" तुझा बाप म्हणाला, "आत्या, त्या बाईचं नाव या घरात नको." मी म्हटलं, मग माझंही नको. आणि पिशवी उचलून निघाले. बस मिळेना, ती गोष्ट वेगळी.

थोरली कशी होती म्हणशील तर कडक. माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. रात्री झोपताना मात्र तीच त्या सैल करायची. मी झोपले असं तिला वाटायचं.

बास. आता मला लिहू नकोस. लिहिणारच असशील तर जाड कागद वापर. तुझ्या पातळ कागदावर शाई पलीकडे उतरते आणि मला दोन्ही बाजू एकदम वाचाव्या लागतात.

आणि तुझी बहीण रक्त बघून घाबरते का?

आजी


१७ मे

ती. आजी,

जाड कागद घेतला आहे. "अगं" लिहायला हात धजत नाही, पण "तू" लिहून बघतो.

ठिणगी रक्ताला घाबरत नाही. मागच्या वर्षी इस्त्रीवाल्याचा हात भाजला तेव्हा मी पाण्यासाठी भांडं शोधत राहिलो आणि हिने त्याचा हात धरून नळाखाली नेला. तो ओरडत होता. ही त्याला म्हणाली, "ओरडा, पण हात तिथेच ठेवा."

तू विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारतो. कारण काल जेवताना मोठं भांडण झालं. ठिणगी म्हणाली, "बाबा, त्या आजीने केलं तरी काय? खून केला?" बाबा म्हणाले, "खुनाला निदान कोर्ट असतं." त्यावर कोणी जेवलं नाही. ठिणगीने ताट ठेवलं आणि आत जाऊन सगळ्यांचे वाळलेले कपडे घड्या करायला घेतले. ती रागावली की घड्या करते. आजी, कपड्यांच्या घड्या इतक्या मोठ्या आवाजात करता येतात हे मला आधी माहीत नव्हतं.

बाबा दुष्ट नाहीत. ठिणगी आजारी होती तेव्हा ते तिच्या पलंगाला टेकून रात्रभर बसून राहायचे. पण त्यांच्या डोक्यात काहीतरी रुतून बसलं आहे, आणि ते काय आहे ते कळल्याशिवाय मला ते काढता येणार नाही. कापडाचंही तसंच असतं. कुठून फाटलं ते दिसल्याशिवाय सुई घालता येत नाही.

ते तुलाच माहीत आहे. सांग ना.

तुझा नातू


२४ मे

चि. हवालदारा,

तू मऊ बोलून माणसाला बोलतं करतोस. वकील व्हायचास, रफूत कुठे अडकलास?

ऐक तर. लढाईचं तिसरं वर्ष. मी अकरा वर्षांची. थोरलीची पत्रं आधी नेमाने येत, मग कमी झाली. आघाडीवरचं टपाल, पोहोचलं तर पोहोचलं. एक दिवस पोस्टमनने एक पुडकं आणलं. भिजलेलं, फाटलेलं, टपालवाल्यांनी सुतळीने पुन्हा बांधलेलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त लोकरीची एक इवलीशी टोपी. मातकट रंगाची, काठाला दोन तांबड्या रेघा.

आईने ती उजव्या मुठीवर चढवून पाहिली. तिचा चेहरा असा काही फुलला की क्षणभर मलाही वाटलं, काहीतरी चांगलं झालं. मग वडिलांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. बिनलग्नाची मुलगी, आणि घरी काय पाठवते, तर बाळाची टोपी. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रंक उघडली, कार्ड काढलं आणि ती रेघ मारली. महिन्याभरात आम्ही घर बदललं. नवा पत्ता पोस्टात द्यायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. तुझे आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे. बापाने सांगितलं ते त्यांनी खरं धरलं, आणि पुढे तुझ्या बापाच्या कानात घातलं.

टोपी वडिलांनी केराच्या डब्यात टाकली होती. मी काढून घेतली. आता खरी गोष्ट सांगते, हसू नकोस. मला कधी थोरलीचा राग आला नाही. मला वाटायचं, कुठेतरी माझा एक भाचा आहे. मी त्याला वाढवला, म्हणजे मनातल्या मनात. शाळेत घातला, नोकरीला लावला. दोनदा नोकरी बदलूनही दिली. आज तो पन्नाशीचा झाला असेल. बाजारात त्या वयाचा माणूस दिसला की मी नाक बघते, आपल्या घराचं आहे का म्हणून. एकदा एकाने विचारलं, "आजी, उधारी राहिली आहे का काही?"

थोरली आता कुठली असायला. पण तो असेल. त्याला शोध. टोपी पाठवते आहे. तिला एका ठिकाणी कसर लागली आहे, तिथे रफू करायचं नाही. तुझे हात शिवशिवतील, माहीत आहे. तरी नाही.

आजी


५ जून

ती. आजी,

टोपी सुखरूप पोहोचली. रफू केलेलं नाही. दुकानातल्या माझ्या खणात, माझ्या स्वच्छ रुमालात ठेवली आहे. दिवसातून एकदा उघडून बघतो आणि हात मागे घेतो.

मी तीन इस्पितळांना आणि लढाईतल्या नर्सेसच्या संघटनेला पत्रं लिहिली. दोघांनी कळवलं, इतकी जुनी दप्तरं नाहीत. एकांनी कळवलं, आहेत, पण आगीत जळली. म्हणजे नाहीत. चौथ्यांचं उत्तर नाही.

टोपीबद्दल एक शंका आहे. ती आतून बाहेरून एकसंध विणली आहे, कुठेही शिवण नाही. टोकाकडची वीण मुद्दाम दाट केली आहे. बांधायला नाड्या नाहीत. आईला नुसतं माप सांगून विचारलं, तर म्हणाली, "असलं अरुंद डोकं माझ्या दोघांचंही नव्हतं, पण तुम्ही वडिलांच्या वळणावर गेलात." मला लहान मुलांचा अनुभव नाही, त्यामुळे खात्रीने काही म्हणता येत नाही. फक्त विणणाऱ्या हाताला काय करायचं आहे हे नेमकं ठाऊक होतं, एवढं दिसतं.

ठिणगी आणि बाबा आता माझ्यामार्फत बोलतात. "बाबांना सांग, पाणी तापलं." "तिला सांग, ऐकू आलं." दोघं एकाच खोलीत असतात. अर्ज मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आहे, कधी वेळ येईल सांगता येत नाही म्हणून.

भाच्याला शोधतोच आहे. धीर सोडू नकोस.

तुझा नातू


१९ जून

हवालदारा,

चौदा दिवस पत्र नाही. तुझ्यासारखा माणूस उत्तर द्यायला विसरत नाही, म्हणजे तुला काहीतरी कळलं आहे आणि ते मला कसं सांगावं या विवंचनेत तू नखं खातो आहेस. तो मेला असेल तर मेला म्हणून लिही. मी म्हातारी आहे, काचेची नाही.

आजी


२१ जून

ती. आजी,

तू बरोबर ओळखलंस. मी चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं. भाचा मेलेला नाही. पण आधी जसं घडलं तसं सांगू दे.

गेल्या आठवड्यात दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. पूर्वी विजेच्या खांबांवर चढायचं काम करायचे, सगळे त्यांना वायरमनकाका म्हणतात. लंगडत आले, पण ऐटीत. पिशवीतून एक लोकरीची वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "एवढं भोक बुजवा. डोळ्यांत मोती आला आहे, नाहीतर मीच केलं असतं."

आजी, ती तुझी टोपी होती. म्हणजे अगदी तशीच. काठाला दोन तांबड्या रेघा.

बाबा म्हणाले, "नातवाची वाटतं?"

"नातवाची कशाला? माझी आहे."

बाबांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. डोकं चांगलं भोपळ्याएवढं.

"डोक्याची नाही हो!" असं म्हणून काकांनी विजारीचा एक पाय वर केला, पट्टे सोडले आणि लाकडी पाय काढून छत्री ठेवावी तसा टेबलाला टेकवला. त्यांचा पाय गुडघ्याखाली एक वीतभर आहे आणि तिथे संपतो. त्या टोकावर तसाच एक मोजा घट्ट बसवलेला होता. लाकडाने कातडी सोलू नये म्हणून तो घालतात. "खांबावरून पडलो, पाय तिथेच राहिला. तुम्ही मोज्यात पाय घालता, मी उरलेला पाय घालतो, एवढाच फरक."

मी खण उघडला आणि रुमालातली टोपी त्यांच्यासमोर ठेवली. बाबा शेजारीच होते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

काकांनी ती डोळ्यांशी नेली, मग बोटांनी चाचपली. "ही सिस्टरबाईंच्या हातची. तुमच्याकडे कुठून आली? दोन रेघा म्हणजे गुडघ्याखालच्या पायाचा, एक रेघ म्हणजे वरच्याचा. ढिगातून नुसत्या नजरेने उचलता यावा म्हणून ही त्यांची खूण. दुसरं कोणी अशी करत नव्हतं."

बाबांनी विचारलं, "कोण सिस्टरबाई?"

आणि काकांनी सिस्टरबाईंच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं. लढाईत पाय गेलेल्यांची रांग लागली होती आणि हे मोजे पुरत नव्हते. म्हणून तिथल्या प्रत्येक नर्सने एकेक नमुना आपल्या घरी पाठवला, की बघून असेच विणून पाठवा. बाकीच्यांच्या घरून पोत्यांनी मोजे आले. सिस्टरबाईंच्या घरून आले नाहीत. त्यांनी नमुन्यामागोमाग वेगळं पत्रही टाकलं होतं. मग आणखी पत्रं टाकली, ती पत्ता सापडत नाही म्हणून परत आली.

ते पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलंच नाही, आजी. मूल नव्हतं. तिने पाठवलेला मोजा होता, एका पाय गेलेल्या माणसाचा.

बाबांनी टोपी उचलून हातात फिरवली. मग मला म्हणाले, "बाळाचं डोकं एवढं असतं का रे? तुम्हा दोघांना मी या हातांनी टोप्या घातल्या आहेत. मला कसं सुचलं नाही?" मी म्हटलं, "तुम्ही ही पाहिलीच कुठे होती?" ते म्हणाले, "हो. ऐकलीच होती फक्त."

तुझा भाचा मी तुझ्याकडून काढून घेतला, असं मला वाटतं आहे. राग आला असेल तर मला लिही, बाबांना नको.

तुझा नातू


२४ जून

चि. नातवास,

म्हणजे पन्नास वर्षं मी एका पायाला भाचा समजून बसले. त्याला दोन नोकऱ्या लावून दिल्या!

पत्र वाचून मी आधी हसले. शेजारीण काय झालं म्हणून आली, तिला सांगता सांगता रडले. ती म्हणाली, तुमचं हसणं बरं होतं. मग तिलाच चहा करायला लावला.

मला सारखी आईची मूठ दिसते आहे. ती टोपी मुठीला घट्ट झाली होती. मुठीएवढं डोकं असतं का? पण पाय कापलेला माणूस आमच्यापैकी कोणी कधी पाहिलाच नव्हता. आम्हाला टोपीच दिसणार. आणि वडील घाबरट होते, हे मला आता इतक्या वर्षांनी लिहिता येतं आहे. घाबरलेल्या माणसाला वाईट ते लवकर सुचतं.

आई फार सुरेख विणायची रे. घरात लोकर होती. तिने रात्रीचा दिवस करून पन्नास मोजे विणले असते. थोरली तिकडे वाट बघत बसली असेल, आणि इकडे आम्ही सामान बांधत होतो. तिला काय वाटलं असेल? तिने आम्हाला शिव्या दिल्या का? त्या वायरमनला विचार. दिल्या असतील तर दिल्या म्हणून लिही, त्या मला हव्या आहेत. आणि ती पुढे कुठे राहिली, कशी राहिली, कोणी जवळ होतं का, सगळं विचार. काही गाळू नकोस.

तुझ्या बापाला सांग, मला दोन भाचे होते. त्यातला एक लोकरीचा निघाला. उरला तो बोलत नाही.

तीस तारीख जवळ आली. सही झाली का?

आजी


२८ जून

ती. आजी,

तुझं पत्र इस्त्रीवाल्याने चुकून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दुकानात उभ्यानेच वाचलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी घडी घालून ते परत दिलं आणि म्हणाले, "दुकान बंद कर. त्या वायरमनला बोलाव. आपण जाऊन येऊ."

जिथे कृत्रिम पाय बसवतात त्या केंद्रात काका आम्हाला घेऊन गेले. बसने दोन तास लागतात. आजी, दोन तास, फक्त. लढाई संपल्यावर थोरली आजी तिथेच आली आणि तिथेच राहिली. नव्या पायांवर माणसांना चालायला शिकवणं हे तिचं काम. समोरासमोर दोन लाकडी कठडे आहेत, त्यांना धरून चालायचं. ती पलीकडच्या टोकाला पाठमोरी उभी राहायची. समोर तोंड करून उभी राहिली तर माणूस तिच्या चेहऱ्याकडे बघतो आणि पायाकडे लक्ष देत नाही, असं म्हणायची. काका म्हणाले, "पडलो की न वळता सांगायच्या, आवाज आला मला, उठा आता."

घरून मोजे आले नाहीत, म्हणून तिने रोग्यांनाच विणायला शिकवलं. ट्रकचालक, शिपाई, वायरमन, सगळे व्हरांड्यात ओळीने विणत बसायचे. वीण चुकली की उसवायला लावायची. काका म्हणतात, "खांबावर मला कधी घाम फुटला नाही, त्यांच्यापुढे टाके मोजताना फुटायचा." अजूनही तिथे तशीच ओळ बसलेली असते. आम्ही गेलो तेव्हा एक पोरगेलासा मुलगा सुया आपटून म्हणत होता, "मी पाय घ्यायला आलो होतो, स्वेटर शिकायला नाही." त्याच्या सुयांवरच्या मोज्यालाही त्याच दोन तांबड्या रेघा होत्या.

ती नऊ वर्षांपूर्वी गेली. आजारी फार नव्हती, झोपेत गेली. लग्न केलं नाही. एकटी नव्हती, ते मी खोदून विचारलं. तिच्या खोलीचं दार दिवसा कधी लावलेलं नसायचं, आणि शेवटच्या दिवशी इतकी माणसं आली की काठ्या आणि कुबड्या ठेवायला भिंत पुरली नाही.

तू विचारलंस, शिव्या दिल्या का. काकांनी एकदा तिला विचारलं होतं की घरच्यांनी मोजे का पाठवले नाहीत. तिने सांगितलं, "लोकर घ्यायला पैसे नसतील. तसं लिहायची लाज वाटली असेल, म्हणून पत्ताही बदलला. मीच मागायला नको होतं." तिने आयुष्यभर एवढंच धरलं, आजी. शिव्या मिळाल्या नाहीत. मी खरंच विचारलं.

भिंतीवर तिचा फोटो आहे, कठड्यांजवळ उभी. बाबा अगदी त्याच्यापुढ्यात जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ही माझ्या वडिलांसारखी हसते. म्हणजे, ते कधी हसले असते तर."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "पोर जाईल आणि तुटेल, एवढीच मला भीती होती रे. थोरली आत्या तुटली असं लहानपणापासून ऐकलं. तुटली नव्हती ती. आपणच दोरा कापला." थोड्या वेळाने म्हणाले, "कुठे करायची सही?"

मी खिशातून अर्ज काढला. मी म्हटलं, बस थांबली की करा. ते म्हणाले, "नंतर पुन्हा घाबरेन." गुडघ्यावर ठेवून त्यांनी सही केली. बस खड्ड्यात गेली आणि शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं. मी काल स्वतः जाऊन अर्ज दिला आणि कारकुनाला सहीचं कारण समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, "अहो, सही आहे ना? मग घरी जा."

बाबांनी तुला निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहितो: "आत्याला म्हणावं, उरलेला भाचा ऑगस्टमध्ये घ्यायला येतो आहे. पिशवी भरून ठेव. या वेळी बसची काळजी नको."

तुझा नातू


१६ जुलै

ती. आजी,

काल ठिणगी वसतिगृहात गेली. तू सगळं हवं असं लिहिलं होतंस, म्हणून सगळं लिहितो.

सामान मी बांधलं. ती म्हणाली, दादा, एवढ्या गाठी मारल्यास तर तिकडे पोहोचून सोडवेपर्यंत माझं शिक्षण संपेल. आईने तीनतीनदा विचारलं, रुमाल घेतलास का. तू ठिणगीला पाठवलेलं पत्र तिने हातातल्या पर्समध्ये ठेवलं आहे, पेटीत नाही. वेण्या घट्ट घाल आणि रात्री सैल कर, एवढं एकच वाक्य तू तिला लिहिलंस, ते तिने मला दोनदा वाचून दाखवलं.

बाबा दुकानातून उशिरा आले. आम्हाला वाटलं, येतच नाहीत. आले ते हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येक पाकिटावर आमचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. ठिणगी म्हणाली, "बाबा, पत्ता मला पाठ आहे." ते म्हणाले, "असू दे."

बस सुटायला आली. ती चढली, खिडकीशी बसली. बाबा बूट पुसल्यासारखे करत उभे राहिले. बस हलली आणि ते एकदम तिच्याबरोबर चालायला लागले, मग धावायला लागले. आजी, मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. खिडकीची कड धरून ते तिला म्हणाले, "दर आठवड्याला लिही. आणि कधी आमचं उत्तर आलं नाही, तर टपाल हरवलं असं समज. आम्ही लिहिलेलं असणार. दुसरं काही मनात आणायचं नाही. कळलं?"

ती म्हणाली, "कळलं, बाबा, हात सोडा, पडाल!"

त्यांनी सोडला. बस वळेपर्यंत ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागून एक रिक्षावाला भोंगा वाजवत होता, त्याला म्हणाले, "थांब जरा. माझी मुलगी नर्स व्हायला चालली आहे."

तुझा नातू